ऑफ-रोड गाडीचा प्रोपेलर शाफ्ट: काढणं, क्रॉस बदलणं, बसवणं आणि ग्रीसिंग

फोर-बाय-फोर गाडीच्या पोटाखाली दोन लांब पोलादी नळ्या फिरत असतात. एक ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीपासून) मागच्या डिफरन्शियलपर्यंत (ॲक्सलवरच्या गोळ्यापर्यंत) जाते, दुसरी पुढच्या डिफरन्शियलपर्यंत. हेच प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाचा सगळा जोर यांच्यातूनच चाकांकडे जातो, आणि लो रेंजला (ट्रान्सफर केसच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या टप्प्यात), पहिल्या गिअरमध्ये, दगडांतून गाडी वर काढताना तो जोर सपाट रस्त्यावरच्यापेक्षा कित्येक पट असतो. एवढं काम करणाऱ्या भागाकडे सर्व्हिसिंगच्या वेळी मात्र कुणी बघत नाही. ऑइल बदललं जातं, फिल्टर बदलले जातात, ब्रेक तपासले जातात. शाफ्टच्या ग्रीस निप्पलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, मागच्या सफरीतला चिखल तसाच वाळलेला असतो.

शाफ्टचे जॉइंट जोर सोसून मोडतात त्यापेक्षा पाणी शिरून आणि कोरडे पडून जास्त वेळा खराब होतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या लेखात काढण्या-बसवण्याइतकीच जागा ग्रीसिंगला दिली आहे. काम अवघड नाही. पाने-सॉकेट, एक मजबूत व्हाइस, टॉर्क रेंच आणि ग्रीसगन असेल तर घरी होण्यासारखं आहे. घाई मात्र चालत नाही.

शाफ्टमध्ये असतं काय

शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात. मध्ये अधिकच्या चिन्हासारखा चार पायांचा पोलादी तुकडा. प्रत्येक पायावर एक बेअरिंग कप, आणि कपाच्या आत कडेने ओळीत लावलेल्या बारीक सुया, म्हणजे नीडल रोलर. समोरासमोरचे दोन कप शाफ्टच्या योकमध्ये (दोन कानांच्या चिमट्यात) बसतात, उरलेले दोन फ्लँजच्या (बोल्टांनी जोडायच्या चकतीच्या) योकमध्ये. याशिवाय शाफ्टवर एक स्लिप जॉइंट असतो: दातेरी दांडा दातेरी नळीत सरकतो, त्यामुळे ॲक्सल वर-खाली झाला की शाफ्टची लांबी कमी-जास्त होते.

क्रॉसची एक खोड आधी समजून घ्या, कारण पुढचे निम्मे नियम तिच्यातून येतात. कोनात फिरताना क्रॉस वेग सारखा ठेवत नाही. आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन १५ अंशांचा असेल तर हा चढउतार साधारण साडेतीन टक्क्यांचा असतो, ३० अंशांवर तो १५ टक्क्यांच्या आसपास जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच चढउतार उलटा करून मिटवतो, पण त्याला दोन गोष्टी लागतात: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एकाच रेषेत हवेत. या दुसऱ्या गोष्टीला फेजिंग म्हणतात. स्लिप जॉइंट उघडून परत घालताना एक दाता जरी इकडचा तिकडे झाला तरी फेजिंग बिघडतं आणि गाडी थरथरायला लागते. रॉबर्ट हूक यांनी या जॉइंटचं वर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि क्लॅरेन्स स्पायसर यांनी मोटारीसाठीच्या जॉइंटचं पेटंट १९०३ मध्ये मिळवलं. तत्त्व आजही तेच आहे.

बऱ्याच गाड्यांत ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट असतो. यात दोन क्रॉस शेजारी शेजारी आणि मध्ये एक सेंटरिंग बॉल असतो. ते दोघं एकमेकांचा चढउतार तिथल्या तिथे मिटवतात, म्हणून अशा शाफ्टचं पिनियनकडचं टोक (पिनियन म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरणारा दातेरी दांडा) जवळजवळ सरळ रेषेत ठेवतात. अगदी शून्य कोनही चालत नाही. कोन शून्य असेल तर सुया फिरत नाहीत, एकाच जागी दाब घेत राहतात आणि क्रॉसच्या पायांवर खाचा पाडतात. अंशभर तरी कोन हवाच.

शाफ्ट तक्रार करतो तेव्हा

पहिली खूण ‘ठक्’ असा आवाज. गाडी गिअरमध्ये टाकताना, क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना पोटाखालून तो येतो. दुसरी खूण चिवचिवाट. हळू वेगात चालताना चाकांच्या गतीबरोबर तो वाढत जातो. सुया कोरड्या पडल्या की हा आवाज येतो, आणि तो ऐकू आल्यावर नुसतं ग्रीस भरून क्रॉस वाचेल अशी आशा धरू नका. बहुतेक वेळा आतलं नुकसान होऊन गेलेलं असतं. तिसरी खूण डोळ्यांना दिसते: कपाच्या सीलपाशी विटकरी रंगाची भुकटी. ती आतल्या गंजाची भुकटी आहे. ती दिसली की क्रॉस बदलायचाच.

चौथी खूण थरथर, आणि इथे चुकीच्या जागी हात घालणं सोपं आहे. चाकाचा बॅलन्स गेला असेल तरी गाडी थरथरते. फरक गतीत असतो. टायरचा घेर २.२ मीटर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ धरलं, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं, शाफ्ट मात्र एकतीसच्या आसपास. त्यामुळे चाकाची थरथर जड आणि मोजता येईल अशी लागते, स्टीअरिंगमध्ये किंवा सीटखाली. शाफ्टची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी असते आणि पायाखालच्या पत्र्यात जाणवते. कोन किंवा फेजिंग बिघडलं असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके बसतात, म्हणून ती आणखी बारीक लागते.

खात्री करायला गाडीखाली जा. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (पाचर) लावलेली हवी, गिअर न्यूट्रलला. एका हाताने फ्लँज धरा, दुसऱ्या हाताने शाफ्ट, आणि दोन्ही उलट दिशांना पिळा. आख्खा शाफ्ट फ्लँजसकट थोडा फिरला तर तो डिफरन्शियलच्या दात्यांमधला प्ले (मोकळीक) आहे, थोडा असणारच. तुम्हाला बघायचंय क्रॉसचा पाय आणि योक यांच्यामधली हालचाल. तिथे डोळ्यांना दिसेल एवढीही हालचाल नको. मग छोट्या टॉमीने (उचकटायच्या दांड्याने) जॉइंट वर-खाली उचलून बघा. स्लिप जॉइंट हाताने वर-खाली हलवा. दात्यांमध्ये खडखड असेल तर नुसता क्रॉस बदलून भागणार नाही. शेवटी पिनियनचा फ्लँज वर-खाली हलतो का ते पाहा. हलत असेल तर पिनियनची बेअरिंग गेली आहेत, आणि नवाकोरा शाफ्ट टाकूनही आवाज तसाच राहील.

नळीला पोचा आला असेल तर तो ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये शाफ्टच्या नळीचा वाकडेपणा ०.८ मि.मी.पेक्षा जास्त चालत नाही. पोचा आलेली नळी त्या मापात क्वचितच येते.

सुरू करण्याआधी: गाडी जागची हलणार नाही ना?

शाफ्ट काढला की गिअरबॉक्स आणि त्या ॲक्सलची चाकं यांचा संबंध तुटतो. ‘गिअरमध्ये ठेवली आहे, जाणार नाही’ हा भरवसा तिथेच संपतो. ऑटोमॅटिक गाडीतल्या ‘पी’चंही तेच. काही गाड्यांत याहून मोठा धोका असतो: लँड रोव्हरच्या जुन्या गाड्या आणि जुनी डिफेंडर यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे असतो आणि तो मागचा शाफ्ट धरून ठेवतो. मागचा शाफ्ट सुटला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाकं मोकळी.

म्हणून टणक, सपाट जमीन निवडा. ज्या ॲक्सलचा शाफ्ट काढायचा आहे, त्याचं एकच चाक जॅकने उचला आणि तिथे घोडी (पक्का स्टँड) लावा. जमिनीवर राहिलेल्या तीनही चाकांना पुढून-मागून उटी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. एक चाक उचललेलं असलं की साध्या डिफरन्शियलच्या गाडीत शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक बोल्ट समोर आणता येतो. बोल्ट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकायची, पुढच्या शाफ्टसाठी फोर-व्हीलमध्ये, आणि फिरवायच्या वेळी पुन्हा न्यूट्रल.

आदल्या संध्याकाळी बोल्टांचे आटे वायर ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नवे नट-बोल्ट आधीच आणून ठेवा. नायलॉनच्या लॉकनटची पकड एकदा सोडल्यावर पहिल्यासारखी राहत नाही, आणि या जागी जुने नट परत लावणं मला पटत नाही. गॉगल लावा. उताणं पडून वर बघत काम करताना गंजाचा कण डोळ्यात जाणं ठरलेलंच असतं.

खुणा

पाना हातात घेण्याआधी पांढरा पेंट-मार्कर घ्या. शाफ्ट आणि फ्लँज दोन्ही कारखान्यात बॅलन्स केलेले असतात; ते जसे होते तसेच परत जोडले गेले तर बॅलन्स टिकतो. ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांच्यावरून जाणारी एक आडवी रेघ, पिनियनच्या टोकाला तशीच दुसरी, आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवरून तिसरी. शाफ्टचं कुठलं टोक पुढे होतं तेही लिहा. पेंट डिझेलने किंवा क्लीनरने पुसला जातो, म्हणून शेजारी सेंटर पंचाने हलकं टिंब द्या. टिंब योकवर किंवा फ्लँजच्या कडेवर द्यायचं, नळीवर नाही.

तिसऱ्या रेघेबद्दल थोडं जास्त. बहुतेक कारखाने स्लिप जॉइंटवर बाण कोरून देतात, ते गंजाखाली शोधा. बाण नसले आणि खूणही केली नसली, तर दोन्ही योक एका रेषेत आणणं हा सर्वसाधारण नियम. पण काही गाड्यांच्या पुढच्या शाफ्टचे योक कारखान्यातूनच मुद्दाम एका रेषेबाहेर ठेवलेले असतात, कारण तिथे कोन उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांत असतात. तिथे नियम लावून ‘दुरुस्त’ केलेला शाफ्ट गाडी हलवून सोडतो. खूण केलेली असेल तर हा प्रश्नच येत नाही.

शाफ्ट काढणं

डिफरन्शियलच्या टोकापासून सुरुवात करा. चारही बोल्ट आधी थोडे थोडे ढिले करा, मग तीन काढा आणि चौथा हाताने धरून. शाफ्टखाली दोरी किंवा पट्टा आधीच बांधून ठेवलेला हवा. एका टोकाला लटकत सोडलेला शाफ्ट दुसऱ्या टोकाच्या क्रॉसवर सगळं वजन टाकतो आणि हात सुटला तर खाली तुमचंच तोंड असतं.

बोल्ट निघाले तरी फ्लँज सुटत नाही असं होतं. एकमेकांत घुसलेल्या कडांमध्ये गंज धरलेला असतो. रबरी हातोडीने किंवा पितळी दांड्याने फ्लँजच्या कडेला, जागा बदलत ठोका. नळीवर कधीही ठोकायचं नाही. तिथे वेल्ड केलेली बॅलन्सची छोटी पट्टी निघाली तर नवीन त्रास. मग स्लिप जॉइंट आत दाबून शाफ्ट आखूड करा आणि खाली घ्या.

काही गाड्यांत पिनियनकडे फ्लँज नसतो. क्रॉसचे कप थेट पिनियनच्या योकमध्ये बसलेले असतात आणि वरून पट्टी किंवा यू-बोल्टने धरलेले असतात. पट्ट्या सुटताच ते दोन कप मोकळे होऊन खाली पडतात आणि सुया मातीत विखुरतात. शाफ्ट उतरवतानाच दोन्ही कपांवरून चिकटपट्टी गुंडाळून टाका.

स्लिप योक सरळ ट्रान्सफर केसच्या शेपटीत शिरत असेल तर तो ओढल्याबरोबर ऑइल बाहेर येतं. खाली ट्रे ठेवा, तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधा, आणि काम संपल्यावर ऑइलची पातळी बघा. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पातळ पत्र्याचे शिम असू शकतात. कुठे किती होते ते तसंच लिहून ठेवा.

क्रॉस बदलणं

शाफ्ट व्हाइसमध्ये धरायचा तो योकला धरून. नळी जबड्यात आवळली तर दबते. निप्पल आधी काढून टाका. मग सर्कलिप, म्हणजे कप अडवून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या. त्या कुठे कपाच्या बाहेरच्या तोंडावर असतात, कुठे योकच्या आतल्या बाजूला. गंजलेली सर्कलिप उपसण्याआधी कपावर एक हलकी टिचकी मारा. कप केसभर आत गेला की सर्कलिपवरचा दाब सुटतो आणि ती निघते.

कप काढायला दोन सॉकेट लागतात. एक कपाहून लहान, तो एका बाजूच्या कपावर टेकवायचा. दुसरा कप पूर्ण मावेल एवढा मोठा, तो समोरच्या बाजूला. व्हाइस आवळत नेला की लहान सॉकेट एका बाजूने ढकलतो आणि समोरचा कप मोठ्या सॉकेटात सरकत बाहेर येतो. पूर्ण निघाला नाही तर बाहेर आलेला भाग व्हाइसमध्ये धरून योक वर ठोका, कप मागे राहतो. मग शाफ्ट उलटा करून दुसरी बाजू.

आता रिकामं भोक बघा. सर्कलिपची खाच खरवडून साफ करा, भोकाच्या भिंतीवर बारीक पॉलिश पेपर फिरवा. नवा कप हाताने लावून पाहा. तो दाबूनच जायला हवा. नुसत्या अंगठ्याने सैल आत गेला तर योकचे कान ताणले गेले आहेत, आणि त्या योकमध्ये कुठलाच क्रॉस टिकणार नाही. तेव्हा शाफ्ट किंवा योक बदला.

नव्या क्रॉसचे चारही कप काढून आत बघा. सगळ्या सुया उभ्या आहेत ना, एखादी कमी नाही ना. कारखान्यातून आलेलं ग्रीस बहुधा गंजू नये एवढंच असतं. बोटाने थोडं ग्रीस सुयांवर दाबून बसवा. तेच त्यांना जागेवर धरूनही ठेवतं. पहिला कप योकमध्ये साधारण अर्धा दाबा, क्रॉस आतून आणून त्याचा पाय त्या कपात सरकवा, मग समोरून दुसरा कप. इथून पुढे एक हात क्रॉसवर ठेवा. व्हाइसचा प्रत्येक अर्धा फेरा आवळला की क्रॉस हलवून बघा. पाय दोन्ही कपांत असला की सुया पडायला जागाच राहत नाही.

तरी एखादी सुई आडवी पडतेच. ओळखायचं असं: कप शेवटपर्यंत जात नाही आणि सर्कलिपची खाच अर्धीच दिसते. इथे जोर लावला तर कपाचा तळ फुटतो. कप बाहेर घ्या, सुई उभी करा, पुन्हा बसवा.

सर्कलिप दोन्ही बाजूंना एकाच जाडीच्या हव्यात, नाहीतर क्रॉस मधोमध राहत नाही. काही कंपन्या वेगवेगळ्या जाडीच्या सर्कलिप देतात, त्यातून प्ले राहणार नाही अशी जोडी निवडायची. सगळं बसल्यावर क्रॉस जड फिरत असेल तर घाबरू नका. योकच्या कानांवर पितळी हातोडीने बाहेरच्या दिशेने दोन-चार हलके टोले द्या. कप सर्कलिपला जाऊन टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. तो हाताने, किंचित विरोध करत, सगळीकडे सारखा फिरला पाहिजे.

निप्पल शाफ्टच्या नळीकडे तोंड करून यावं आणि दोन्ही टोकांची निप्पल एकाच बाजूला असावीत. मग ग्रीस भरताना शाफ्ट पुन्हा पुन्हा फिरवावा लागत नाही. निप्पल नसलेला, कायमचा सीलबंद क्रॉसही मिळतो. त्यात ग्रीससाठी भोकं नसल्यामुळे तो थोडा जास्त मजबूत असतो. दगडांवर रांगणाऱ्या आणि पाण्यात न उतरणाऱ्या गाडीला तो चांगला. पाण्या-चिखलात जाणाऱ्या गाडीला मी निप्पलवालाच निवडेन, कारण त्यातलं पाणी ग्रीसने बाहेर ढकलता येतं.

आख्खा शाफ्ट नवा असेल तर

जुना आणि नवा शेजारी ठेवून फ्लँजची भोकं, मधली कडा आणि लांबी ताडून पाहा. लांबी दोनदा मोजायची: स्लिप जॉइंट पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून. सस्पेन्शन पूर्ण दबलं तरी स्लिप जॉइंट तळाला टेकता कामा नये, आणि चाक पूर्ण लोंबलं तरी दाते एकमेकांतून निसटता कामा नयेत. गाडीची उंची वाढवली असेल तर हे मोजल्याशिवाय शाफ्ट घेऊच नका.

शाफ्ट किती सरकतो हे बघायची एक सोपी युक्ती आहे. सरकणारा भाग उघडा असेल तर त्यावर प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा, ती योकच्या कडेला टेकवा आणि नेहमीच्या खडबडीत वाटेवर गाडी चालवून या. टाय जिथवर ढकलली गेली, तिथवर शाफ्ट आखूड झाला होता. उरलेली जागा डोळ्यांसमोर असते.

बसवणं

दोन्ही फ्लँजची तोंडं स्वच्छ पुसा. एक खडा किंवा पेंटची पापडी मध्ये राहिली तरी शाफ्ट वाकडा बसतो. स्लिप जॉइंटच्या दात्यांना ग्रीसचा पातळ हात द्या, खुणा जुळवा, जोडा. ट्रान्सफर केसचं टोक आधी, मग डिफरन्शियलचं. चारही बोल्ट हाताने आत घ्या, मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा.

अखेरचा ताण टॉर्क रेंचनेच. आकडा तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलमधला हवा. शेजारच्या गाडीचा बोल्ट तेवढाच दिसला तरी त्याचा दर्जा वेगळा असू शकतो. पट्टीवाल्या जोडणीत विशेष जपा: ते बोल्ट बारीक असतात आणि जास्त आवळले तर कप चेपून सुया जाम होतात. लॉकनट नसेल तर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव), कोरड्या आणि तेलकट नसलेल्या आट्यांवर. प्रत्येक आवळलेल्या बोल्टावर पेंटची रेघ मारा. पुढे ढिला झाला तर नुसत्या नजरेला कळेल.

ग्रीस कुठलं

क्रॉससाठी लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, एनएलजीआय २ (म्हणजे मध्यम घट्टपणाचं), जास्त दाब सोसणारं म्हणजे ईपी. स्लिप जॉइंटचे दाते जोराखाली एकमेकांवर घासत सरकतात, तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस जास्त उपयोगाचं. टोयोटाच्या पत्रकात साध्या जॉइंटना लिथियम ग्रीस आणि डबल कार्डन जॉइंटला मॉलिब्डेनमवालं लिथियम ग्रीस सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचं पत्रक वेगळं सांगत असेल तर ते पाळा. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस मिसळू नका. लिथियम, पॉलियुरिया आणि मातीच्या आधाराची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. प्रकार बदलायचाच असेल तर जुनं पूर्ण बाहेर निघेपर्यंत नवं भरा.

क्रॉसमध्ये ग्रीस भरणं

गाडी आपल्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी असताना भरा. निप्पल आधी फडक्याने पुसा. न पुसता गन लावली तर तोंडावरची वाळू तुम्हीच आत ढकलता. हाताची गन घ्या. हवेच्या दाबावर चालणारी गन एका झटक्यात सील उलटवू शकते. आणि ग्रीसगनच्या तोंडावर बोट धरून कधीही दाबू नका. त्या दाबाने ग्रीस कातडीत घुसू शकतं. जखम टिंबाएवढी दिसली तरी ताबडतोब डॉक्टरकडे जायचं असतं.

हळूहळू दाबत राहा आणि नजर चारही सीलवर ठेवा. आधी जुनं, काळपट ग्रीस बाहेर येईल, मग नव्या रंगाचं. चारही कपांतून नवा रंग दिसला की थांबायचं. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर काम झालेलं नाही, कारण तोच चौथा कप आधी मरतो. शाफ्ट पाव फेरा फिरवा, छोट्या टॉमीने क्रॉस त्या कपापासून दूर सरकवून धरा आणि पुन्हा दाबा. बहुतेक वेळा वाट मोकळी होते. दुधाळ ग्रीस आलं तर आत पाणी होतं. स्वच्छ येईपर्यंत भरा. लालसर, कचकच लागणारं आलं तर ग्रीसगन बाजूला ठेवून नवा क्रॉस आणा.

ग्रीस निप्पलच्या बाजूनेच परत येत असेल तर निप्पलची गोळी अडकली आहे. निप्पल काढून नवीन लावा. बाहेर आलेलं ग्रीस फडक्याने पुसून घ्या, नाहीतर त्याच्यावर माती बसते आणि फिरताना पत्र्यावर उडते.

डबल कार्डनच्या सेंटरिंग बॉलचं निप्पल आत लपलेलं असतं. शाफ्ट एका ठरावीक कोनात आणल्यावरच ते दिसतं आणि साधी गन तिथे पोचत नाही; सुईसारखं लांब टोक लावावं लागतं. त्यामुळे बरेच जण ते सोडून देतात, आणि मग महागडा जॉइंट त्या एका बॉलपायी जातो. गाडी घेतल्यावर एकदा ते निप्पल शोधून ठेवाच.

स्लिप जॉइंट: इथे जास्त ग्रीस धोक्याचं

क्रॉसमध्ये जास्तीचं ग्रीस सीलमधून निघून जातं. स्लिप जॉइंटमध्ये दात्यांच्या टोकाशी बंद पोकळी असते. ती ग्रीसने गच्च भरली की शाफ्टला आखूड व्हायला जागा उरत नाही, कारण ग्रीस दबत नाही. चाक वर आलं की तो धक्का सरळ ट्रान्सफर केसच्या आणि पिनियनच्या बेअरिंगांवर जातो. गाडी लिफ्टवर घेऊन, चाकं लोंबत असताना ग्रीस भरलं की हे हमखास होतं: तेव्हा शाफ्ट लांब झालेला असतो, पोकळी मोठी असते, आणि गाडी खाली आली की तेवढ्या ग्रीसला जायला जागा नसते.

योकच्या टोकाला हवा जाण्याचं छोटं भोक असेल तर त्यातून ग्रीस डोकावेपर्यंत भरा. मग त्या भोकावर बोट धरा आणि दुसऱ्या टोकाच्या सीलपाशी ग्रीस दिसेपर्यंत हळूच दाबा. दाते पूर्ण भिजले, थांबा. भोक नसेल तर दोन-तीन दाब पुरे. जास्त झाल्याची शंका आली तर निप्पल काढा, गाडी हाताने दाबून उसळवा, जास्तीचं तिथून बाहेर येईल, मग निप्पल परत लावा.

किती दिवसांनी भरायचं? मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर खडबडीत वाटांवर जाणाऱ्या गाडीला दर ५,००० किलोमीटरला, म्हणजे चाळीसेक मिनिटांचं काम. पाण्यातून गेलात तर किलोमीटर मोजू नका, त्याच दिवशी भरा. तापलेला क्रॉस गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर धरणं हेही पाण्यात उतरण्यासारखंच.

चाचणी

घोडी काढण्याआधी शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. कुठे अडकतो का, ब्रेकच्या नळीला किंवा सायलेन्सरला घासतो का बघा. गाडी खाली घेतल्यावर हळू वेगात आवाज ऐका, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवा. नवी थरथर आली तर आधी खुणा तपासा, मग फ्लँजची तोंडं, आणि त्यानंतरच बॅलन्सिंगचा विचार करा. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्टांवरच्या पेंटच्या रेघा बघा आणि टॉर्क रेंच एकदा लावा.

रानात शाफ्ट मोडला तर

मोडका शाफ्ट फिरत ठेवून पुढे जाऊ नका. सुटलेलं टोक डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, गिअरबॉक्स, काहीही फोडतं. पुढचा शाफ्ट मोडला असेल तर तो काढा आणि मागच्या चाकांवर घरी या. मागचा मोडला तर तो काढून गाडी फोर-व्हीलमध्ये टाका. पुढची चाकं तिला ओढतील. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मधलं डिफरन्शियल लॉक करावं लागतं, नाहीतर सगळा जोर रिकाम्या फ्लँजला फिरवण्यात जातो आणि गाडी जागची हलत नाही. हळू चला, वळणावर जोर देऊ नका, आणि पार्क करताना उटी विसरू नका.

स्लिप योक ट्रान्सफर केसच्या शेपटीत शिरणारा असेल तर तो नुसता काढून चालवलं की ऑइल वाहून जातं आणि केस कोरडी पडते. अशा गाडीत बिघाड मागच्या क्रॉसचा असेल तर शाफ्टमधून योक तेवढा सुटा करून परत शेपटीत घाला आणि तो बाहेर येणार नाही असा तारेने बांधून तोंड बंद ठेवा. ते जमत नसेल तर गाडी ओढून नेलेली बरी. ओढतानाही ट्रान्सफर केस न्यूट्रलला असू द्या आणि मॅन्युअलमध्ये ओढण्याबद्दल दिलेली अट आधी वाचा.